डेपोच्या खेळाचे मालक

आमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा दुकानदाराने त्याच्यासोबत एक सीडी फुकट दिली होती. लहानशा बसस्थानकाचा खेळ होता तो. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लावायची, बंद पडलेल्या गाडीच्या जागी दुसरी कुठून आणायची, बाजाराच्या दिवशी जादा फेरी सोडायची की नाही, हे सगळं आपण ठरवायचं. चुकलं की फलाटावर गर्दी साचायची आणि प्रवासी ओरडायला लागायचे. पुण्यातल्या काही तरुणांनी मिळून तो केला होता. ती सीडी अजून माझ्या कपाटात आहे, पण आता तिच्याकडे बघितलं की तोंड कडू होतं. का, ते सांगते.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, जालन्याच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. गाड्यांच्या नोंदी ठेवायच्या आणि माइकवरून गाड्या पुकारायच्या, हे त्यांचं काम. मूळ आम्ही जाफराबादजवळच्या टेंभुर्णीचे. अण्णांची बोली अजून तिकडचीच आहे, पण माइकसमोर बसले की ते छापील मराठी बोलत. मी तेव्हा कॉलेजात होते. ड्यूटीवरून आले की ते माझ्या खुर्चीमागे उभे राहत.

"ती भोकरदनची गाडी काऊन थांबवून राह्यली? सोड ना तिला. लोकं शिव्या देऊन राह्यले."

"अण्णा, ते भोकरदन नाही. खेळातलं गाव आहे."

"कोणतं बी असू दे. गाडी येळेवर सुटली पाहिजे."

पुढे मी एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले. ओल्या कागदात बी गुंडाळून ठेवायचं आणि त्यातलं किती उगवलं ते बघायचं, असं काम. अण्णा निवृत्त झाले आणि त्यांचा दिवस जाता जाईना. एकदा तेच म्हणाले, तो डेपोचा खेळ लाव बरं जरा. मी नव्या कॉम्प्युटरमध्ये सीडी घातली, तर पडदा नुसता काळा. खेळ जुना झाला होता आणि नव्या कॉम्प्युटरला त्याची भाषा कळत नव्हती.

इंटरनेटवर शोधताना हीच तक्रार करणारी आणखी माणसं भेटली. आम्ही सहा-सात जण जमलो. कोणी बँकेतले, कोणी शाळेतले, एक बाई तर परदेशात राहणाऱ्या. त्यात पुण्याचा एक इंजिनिअर मुलगा होता, तिशीच्या आतला. खेळाचं पोट उघडून आत काय बिघडलंय ते बघण्याची अक्कल त्याच्याकडे होती. त्यानेच काळा पडदा घालवला. मग बाकीच्यांना हुरूप आला. कोणी नकाशे नीट केले, कोणी नव्या गाड्या काढल्या. मूळ खेळ इंग्रजीत होता आणि गाड्यांच्या घोषणा कुण्या उत्तरेकडच्या माणसाच्या हिंदीत. मी सगळा खेळ मराठीत आणला. घोषणांसाठी आवाज हवा होता, आणि तो माझ्या घरातच बसून पेपर वाचत होता.

अण्णांनी त्या दिवशी दाढी केली आणि इस्त्रीचा शर्ट घातला. आई म्हणाली, "आवाजाला काय इस्त्री दिसते का?"

"मला दिसते ना," अण्णा म्हणाले.

आम्ही पंखा बंद केला, टेबलावर मोबाइल उभा केला, आणि घामाघूम होत त्यांनी एकेक गाडी पुकारली. लिहून दिलेलं संपल्यावर ते आपल्या मनाने बोलायला लागले. "प्रवाशांनी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरू नये. रुमाल प्रवास करत नाही, माणूस करतो." आई हसून हसून स्वयंपाकघरात निघून गेली. हे सगळं मी दुसऱ्या मोबाइलवर चित्रित केलं आणि तो व्हिडिओ आमच्या गटाच्या पानावर टाकला. लोकांना तो खेळाइतकाच आवडला.

पुण्याचा मुलगा त्या आवाजाचं काम करायला मुद्दाम जालन्याला आला होता. आमच्याकडेच राहिला. आईने त्याला भाकरी, भरीत आणि ठेचा वाढला, अण्णांनी त्याला बसस्थानकावर नेऊन आपली जुनी खोली दाखवली. जाताना तो दोघांच्या पाया पडला. हे मी अशासाठी लिहून ठेवते की पुढचं सांगताना कोणाला वाटू नये, तो माणूस आम्हाला परका होता.

आता यातली कायद्याची बाजू. आम्ही फक्त दुरुस्ती फुकट देत होतो, खेळ देत नव्हतो. ज्याच्याकडे मूळ सीडी आहे त्याने ती आपल्या कॉम्प्युटरवर चढवावी आणि वर आमची दुरुस्ती लावावी, असा नियम आम्ही पानावर सगळ्यात वर लिहिला होता. अडचण एवढीच की सीडी कुठे मिळतच नव्हती. खेळ करणारी कंपनी कधीच बुडाली होती. रोज लोक लिहायचे, "ताई, पूर्ण खेळाची लिंक द्या." मी नाही म्हणायचे. मग शिव्या यायच्या. धावडा गावच्या शाळेतले एक शिक्षक मात्र फार सभ्यपणे विचारायचे. वेळापत्रक, अंतर, बेरीज-वजाबाकी शिकवायला त्यांना हा खेळ शाळेतल्या कॉम्प्युटरवर हवा होता. त्यांनाही मी नाहीच म्हटलं. म्हटलं, "सर, आमच्या हातात नाही. आम्ही परवानगी मागून राह्यलोत."

आणि खरोखरच मागत होतो. ज्या कंपनीने खेळ केला तिने बुडताना तो दुसरीला विकला होता, त्या दुसरीला तिसरीने गिळलं होतं. तिसरीच्या पत्त्यावर लिहिलेलं सगळं परत यायचं. खेळ मुळात ज्याने रचला त्या गृहस्थाचा फोन नंबर मिळवला. तो आता कुठेतरी जमिनीचे व्यवहार करत होता. तो आनंदाने बोलला, अण्णांच्या घोषणांचं कौतुक केलं, आणि परवानगीचं विचारल्यावर म्हणाला, "मी सगळं सही करून दिलंय हो. कोणाला दिलं, तेही आता आठवत नाही. तुमच्याकडे सीडी असेल तर एक प्रत मला पाठवा ना. माझ्याकडे नाही."

माझी एक शाळेतली मैत्रीण जालन्याच्या कोर्टात वकिली करते. तिला विचारलं, की मालक सापडतच नसेल तर काय.

"मालक सापडत नाही म्हणजे मालक नाही, असं होत नाही," ती म्हणाली. "तो कुठेतरी आहे. आणि त्याचा हक्क साठ वर्षं राहतो."

हे अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "साठ वर्षांनी त्या सीडीला बुरशी लागंल, बाई. मंग देतील का परवानगी?"

तरी आम्ही नियम मोडला नाही. आज वाटतं, आमच्यासारखे मूर्ख आम्हीच.

मालक सापडला नाही, त्यानेच आम्हाला शोधलं. एका सकाळी प्रयोगशाळेत असताना गटात एकच गदारोळ सुरू झाला. एका मोठ्या शहरातल्या कंपनीने जुन्या खेळांचे हक्क घाऊक भावात विकत घेतले होते, आणि त्या गठ्ठ्यात आमचा डेपोही गेला होता. त्यांच्या वकिलाची नोटीस आली. आमचं पान ज्या संकेतस्थळावर होतं त्यांनी आम्हाला न विचारता ते पुसून टाकलं. दुरुस्ती, भाषांतर, नकाशे, लोकांच्या प्रतिक्रिया, सगळं. नोटिशीत आम्हाला 'चाचेगिरीत गुंतलेल्या व्यक्ती' म्हटलं होतं. मी ओल्या कागदावरचं बी मोजत होते, ते तसंच सोडून बाहेर व्हरांड्यात येऊन बसले.

आम्ही त्यांना लिहिलं की खेळ आम्ही कधीच वाटला नाही, पानावर फक्त आमचं स्वतःचं काम होतं. आश्चर्य म्हणजे त्यांनी बोलायला बोलावलं. व्हिडिओवर एक गोड बोलणारे साहेब आले. मागे पांढरी भिंत, कुंडीत झाड. ते म्हणाले, "नोटीस ही केवळ प्रक्रिया असते. मनावर घेऊ नका. तुमच्यासारखे चाहते हीच आमची खरी ताकद आहे. तुम्ही तुमच्या सगळ्या मूळ फाइल्स, कोडसकट, आमच्याकडे पाठवा. आम्ही तपासतो आणि मग पुढे कसं एकत्र काम करायचं ते बघू."

मी विचारलं, "हे आधी लिहून देता का?"

"ताई, आधी विश्वास, मग कागद."

त्या वाक्याने मला शिसारी आली. बियाण्याच्या धंद्यात राहून एवढं कळतं की असं बोलणाऱ्याच्या पोत्यात काय असतं. आम्ही ठरवलं, लिहून दिल्याशिवाय काही द्यायचं नाही. पुण्याचा मुलगाही हो म्हणाला. सगळ्यांत आधी तोच म्हणाला.

काही महिन्यांनी खेळ बाजारात आला. नवं वेष्टण, नवी जाहिरात, आणि वर 'प्रथमच मराठीत'. आमच्यातल्या बँकेतल्या गृहस्थांनी तो विकत घेतला आणि मला फोन करून म्हणाले, "ताई, जरा ऐका." फोनमधून अण्णांचा आवाज आला. जाफराबादकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे. मग रुमालाचं वाक्य. सगळं आमचंच होतं. माझ्या भाषांतरात एका ठिकाणी 'वाहक'चं 'वाहाक' झालं होतं, तेसुद्धा तसंच. त्यांनी वाचूनही पाहिलं नव्हतं. खेळ करणाऱ्यांच्या नावांत आमच्यातलं कोणी नव्हतं. फक्त शेवटी, तांत्रिक सल्लागार म्हणून, पुण्याच्या मुलाचं नाव होतं.

मी त्या दिवशी जेवले नाही. राग म्हणावा तर राग नव्हता तो. भाजीत झुरळ निघाल्यावर ताट दूर सारावं, तसं झालं होतं.

अण्णांना सांगणं भाग होतं. मला वाटलं ते खुश होतील, आवाज दुकानात पोचला म्हणून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मला इच्यारलं कोणी?"

"न्हाई."

"आयुष्यभर पुकारलं मी. पण तो माइक सरकारचा होता, पगार सरकारचा होता. हे तं मी तुला दिल्तं. त्यांना कव्हा दिलं?"

मग ते म्हणाले, "पैसा नको आपल्याला. नाव लिहा म्हणावं बापा. एवढंच."

मी कंपनीला तसं लिहिलं. उत्तर आलं की आपल्या भावनांची आम्हाला कदर आहे आणि आपला अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे. खाली कोणाची सही नाही. आणि आठवडा उलटायच्या आत अण्णांचा तो इस्त्रीच्या शर्टातला व्हिडिओ उडाला. मी तो एका व्हिडिओच्या संकेतस्थळावर पुन्हा टाकला होता. तिथून सूचना आली की यातला आवाज दुसऱ्याच्या मालकीचा आहे. माझा बाप, माझ्या घरात, माझ्या टेबलावर बसून बोलतोय, आणि तो आवाज म्हणे चोरीचा. हरकत घ्यायची सोय होती. मी घेतली. यंत्राने ती फेटाळली. पुन्हा घेतली तर माझं खातं बंद करण्याची धमकी आली.

वकील मैत्रिणीकडे गेले. तिने सगळं लक्ष देऊन ऐकलं. म्हणाली, "अगं, अण्णांचा हक्क बराबर आहे. ज्याचा आवाज त्याचा हक्क, कायद्यात आहे ते. पण यांचा खेळ न विचारता उघडून तुम्ही त्यात हात घातला, हे ते आधी पुढे करतील. तुम्ही सहा-सात जण, आपसात एक ओळ लिहिलेली नाही. कोणाचं काय, हे ठरवायलाच वर्षं जातील, आणि तारखा तिकडे पडतील, त्यांच्या शहरात. अण्णांना घेऊन जाशील प्रत्येक तारखेला?"

मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मग गप्प बस, आणि गप्प बसल्याचा त्रास करून घेऊ नको." दुसरा सल्ला पाळणं मला जमलं नाही.

त्यानंतर पुण्याचा मुलगा आला. कोणाच्या तरी लग्नासाठी जालन्याला आला होता, फोन न करता थेट दारात. हातात पेढ्यांचा बॉक्स. आईने सवयीने आत बोलावलं. अण्णा खोलीत होते, ते बाहेर आले नाहीत.

"ताई, तुम्ही माझा फोन उचलत नाही," तो म्हणाला.

"फाइल्स तू दिल्या?"

त्याने पेढ्यांचा बॉक्स टेबलावर ठेवला. "त्यांनी मला नोकरी दिली ताई. नाहीतर माझ्यावर केस करणार होते. सगळा कोड माझ्या नावाने होता. मी काय करायला पाहिजे होतं?"

"आम्हाला सांगायला पाहिजे होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही दिलं नसतं."

"बराबर."

"पण पोचला ना खेळ? आपण इतकी वर्षं लोकांना नाही म्हणत होतो. आज कोणीही विकत घेऊ शकतो. अण्णांचा आवाज कुठल्या कुठे गेला."

मी म्हटलं, "कोणाचा आवाज आहे ते सांग ना मग. लिहिलंय कुठे?"

त्याने कंपनीच्या धोरणाबद्दल काहीतरी सांगितलं. सांगता सांगता त्याचा स्वर त्या पांढऱ्या भिंतीसमोरच्या साहेबांसारखा झाला, शब्दही तेच. मला त्याचा रागसुद्धा येईना. केस होईल म्हणून घाबरला हे मी समजू शकत होते. पण घाबरून केलेल्या कामाला तो उपकाराचं वेष्टण लावत होता, ते मला बघवेना. आतून अण्णांचा आवाज आला, "पाव्हण्याला चहा पाजा आन् वाटंला लावून द्या." तो चहा न घेताच उठला. पेढ्यांचा बॉक्स आमच्यातल्या कोणी उघडला नाही. मुंग्या लागल्या तेव्हा आईने तो बाहेर टाकला.

त्या दिवसानंतर आमचा गटही नासला. परदेशातल्या बाई म्हणाल्या, त्याने योग्य केलं. बँकेतले गृहस्थ म्हणाले, माझे नकाशे मला वेगळे हवेत. कोणी किती काम केलं होतं यावर पानंच्या पानं भांडण. ज्या माणसांशी मी वर्षानुवर्षं रोज बोलत होते त्यांनी एकमेकांना लिहिलेलं वाचून मला स्वतःचीही किळस यायला लागली, कारण त्यातल्या काही ओळी माझ्या होत्या. मी बाहेर पडले.

धावड्याच्या सरांनी मात्र शाळेसाठी खेळ रीतसर विकत घेतला होता. त्यांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, निदान एका जागी तरी चांगलं झालं. मुलं अण्णांच्या आवाजाची नक्कल करतात म्हणाले. अण्णांना ते सांगितलं, ते नुसतं हं म्हणाले.

पण पुढच्याच वर्षी सरांचा पुन्हा फोन आला. "मॅडम, खेळ उघडत न्हाई. नेट जोडा म्हणतो, जोडलं तं म्हणतो सेवा बंद आहे."

मी चौकशी केली. कंपनीला त्या जुन्या खेळांत हवा तेवढा फायदा झाला नव्हता, म्हणून तो विभागच गुंडाळला होता. आणि विकलेला प्रत्येक खेळ उघडताना त्यांच्या कॉम्प्युटरला विचारून उघडायचा, अशी कडी त्यांनी आत बसवली होती. तिकडचा कॉम्प्युटर बंद, म्हणून इकडचा खेळ बंद. पैसे मोजून घेतलेलाही बंद. पुण्याच्या मुलाची नोकरीही गेली, असं कानावर आलं. मला त्याचं बरंही वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही.

याच सुमाराला कंपनीचा मला मेल आला. गोड साहेब गेले होते, दुसरंच कोणी होतं. ग्राहकांच्या तक्रारी येत आहेत, आपल्यासारख्या जुन्या चाहत्यांनी पुढाकार घेऊन स्वयंसेवा म्हणून दुरुस्ती केल्यास कंपनी आडकाठी करणार नाही, मात्र हक्क कंपनीकडेच राहतील. मी ते अण्णांना वाचून दाखवलं.

"म्हंजी नांगर आपला, बैल आपले, आन् वावर बी आपणच वखरायचं," अण्णा म्हणाले. "पीक त्यांचं. काय लिहिशील मंग?"

"काहीच न्हाई."

"बराबर. थुंकायला बी तोंड वल्लं करावं लागतं."

काही दिवसांनी कामासाठी जुन्या जालन्यात गेले होते. धान्याच्या दुकानांच्या गल्लीत एक मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. बाहेर पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, जुने गेम पेनड्राइव्हमध्ये भरून मिळतील. मी विचारलं, डेपोचा खेळ आहे का.

"मराठीवाला ना? हाय ना ताई," दुकानदार म्हणाला. "लई जातो तो. तुम्हाला नेट बी लागत न्हाई. ती कडी कापेल हाय त्याची."

"ओरिजिनल आहे का?"

"बिलकुल ओरिजिनल. चेक करून देतो."

त्याने तिथेच लावून दाखवला. सुरू होताच आधी दुकानाचं नाव आणि मोबाइल नंबर आला, मोठ्या पिवळ्या अक्षरांत. मग डेपो उघडला. चालत होता. आम्ही साऱ्यांना विचारत बसलो, कंपनीने विकत घेऊन मारून टाकला, आणि चालू कुठे होता, तर इथे, चार्जरच्या वायरी आणि फुटलेल्या काचांच्या ढिगात. दुकानदार मोठ्या अभिमानाने माझ्याकडे बघत होता. मला त्याचीही शिसारी आली. मी पेनड्राइव्ह न घेताच बाहेर पडले.

धावड्याच्या सरांचा त्याच संध्याकाळी पुन्हा फोन आला. मुलं विचारतात म्हणाले, काही होईल का.

मी त्यांना त्या गल्लीचा आणि दुकानाचा पत्ता सांगितला.